कचरा निवडतो कोण? उकिरड्यापासून दोन बादल्यांपर्यंतचा इतिहास

१/
ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. हा उपदेश आज गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो आणि तो अगदी अलीकडचा वाटतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील खेड्यांना कचऱ्याचे वर्गीकरण शिकवण्याचा प्रयत्न नव्वद वर्षांहून जुना आहे. त्याच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे. कचरा कधी ना कधी निवडला जातोच. पण तो कोणाच्या हातांनी? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/
सुरुवात जुहूपासून. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीत त्यांची कारावासातून सुटका झाली आणि मार्चमध्ये ते विश्रांतीसाठी जुहूला, मोरारजी कुटुंबाच्या समुद्रकाठच्या बंगल्यात आले. एप्रिलपासून त्यांनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचे संपादन पुन्हा हाती घेतले, तेही येथूनच.

३/
त्या वेळचे जुहू म्हणजे मुंबई नव्हे. मुंबई महापालिकेची हद्द माहीम आणि शीव येथे संपत असे. जुहू हे साष्टीतील एक गाव होते आणि १९२० साली निर्माण झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात ते मोडत असे. कोळ्यांची वस्ती, माडांच्या रांगा, खाजण आणि वाळू, असे त्याचे रूप होते. महापालिकेची हद्द येथवर पोहोचायला १९५० साल उजाडावे लागले.

४/
शहराचा कचरा मात्र शहराच्या हद्दीपूर्वीच उपनगरात पोहोचला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचा केरकचरा भरलेल्या आगगाड्या कुर्ल्यापुढे चेंबूरच्या पाणथळ जमिनीकडे धावू लागल्या. पुढे देवनार हे कचराभूमीचे नावच होऊन बसले. शहराने न निवडलेला कचरा शेजारच्या गावाच्या अंगावर टाकायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे.

५/
मग जुन्या खेड्यात कचरा नव्हता काय? होता, पण घरातच तो बराचसा निवडला जात असे. चुलीची राख भांडी घासायला आणि बियाणे टिकवायला. शेण सारवणाला, गोवऱ्यांना आणि खताला. तांदळाचे धुवण व भाजीचे देठ गुरांना. फाटके लुगडे गोधडीत, त्याहून बरे असेल तर बोहारणीकडे आणि बदल्यात भांडे. मोडके पितळ तांबटाकडे. किनाऱ्यावर उरलीसुरली मासळी माडाच्या बुंध्याशी. उरलेले सगळे परसातल्या उकिरड्यावर कुजत असे आणि पावसाळ्यापूर्वी गाडीने शेतात जात असे.

६/
हे चित्र रम्य आहे, पण अर्धेच आहे. घराला जे हाताळावेसे वाटत नसे, ते जातीवर सोपवलेले होते. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे वतनी कर्तव्य ठरले. कसब्यांत आणि शहरांत मैला वाहण्याचे कामही जन्मानेच ठरत असे. थोडक्यात, गावाचा कचरा दोन टप्प्यांत निवडला जाई. उपयोगाचे ते घरातल्या स्त्रिया निवडत, किळसवाणे ते गावकुसाबाहेरची माणसे उचलत. दुसऱ्या टप्प्याला मोबदला नव्हे, अस्पृश्यता मिळत असे.

७/
या व्यवस्थेवर पहिला मोठा घाव त्या माणसांनीच घातला. मार्च १९२७ मध्ये महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे ती इतिहासात अमर झाली. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, अपमानाची कामे सोडा, असे निक्षून सांगितले. गावाची घाण कोण उचलणार, हा प्रश्न त्या दिवसापासून सबंध गावाचा झाला. निदान व्हायला हवा होता.

८/
पाच वर्षांनी रत्नागिरीच्या तुरुंगात तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद सोडून गांधींच्या चळवळीत आलेले कोकणस्थ ब्राह्मण. राजबंदी असताना त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. तुरुंगाचे नियमही जात पाळत होते.

९/
अप्पासाहेबांनी आपला आहार घटवून निषेध आरंभला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधींना हे कळताच त्यांनीही ३ डिसेंबर १९३२ रोजी सहानुभूतीचा उपवास सुरू केला. सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो दुसऱ्या दिवशी सुटला. एका प्राध्यापकाला झाडू आणि बादली मिळावी यासाठी झालेला हा उपवास पुणे करारापुढे झाकोळला गेला आहे. घाण उचलण्याचे काम कोणाचे, या वादातला तो एक निर्णायक क्षण होता.

१०/
ऑक्टोबर १९३४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन मुंबईत, वरळी येथे भरले. गांधी काँग्रेसच्या सदस्यत्वातून बाहेर पडले ते याच वेळी. अधिवेशनाने ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठरावही केला. डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार, मगनवाडी हे त्याचे ठिकाण. तेल, गूळ आणि हातकागद यांच्या जोडीने खेड्यातली घाण हाही संघाचा विषय झाला.

११/
फेब्रुवारी १९३५ च्या ‘हरिजन’मध्ये गांधींनी ग्रामसेवकांसाठी कामाची रूपरेषा दिली. गाव झाडून जमा होणाऱ्या केराचे वर्गीकरण करावे, असे त्यांनी सुचवले. त्यांचे तीन ढीग असे : ज्याचे खत होते ते, जे केवळ पुरून टाकावे लागते ते, आणि ज्याचे थेट धनात रूपांतर होते ते. तिसऱ्या ढिगात हाडे, चिंध्या आणि रद्दी. हाडांपासून वस्तू किंवा खत, चिंध्या व रद्दीपासून कागद. मैल्याला त्यांनी सोनखताचा मान दिला.

१२/
ही त्रिभागणी अलीकडच्या नियमांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही तीन ढीग होते : कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. १९३५ साली तिसऱ्या ढिगात धन होते. २०१६ साली त्याच जागी रंगाचे डबे, जुनी औषधे, पारा असलेले दिवे आणि बॅटऱ्या आल्या. ऐंशी वर्षांत घरात येणाऱ्या वस्तू किती बदलल्या, हे एवढ्यावरून कळते.

१३/
कागदावरची योजना गावात कशी उतरली? मगनवाडीजवळच्या सिंदी गावात महादेव देसाई, मीराबेन आणि इतर सहकारी रोज बादल्या व झाडू घेऊन जात आणि वाटांवरची घाण उचलत. मीराबेन तर त्या गावात राहायलाच गेल्या. गावकरी पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी वाटा पुन्हा तशाच. सुशिक्षित माणसे येऊन आपली घाण उचलतात, याचे नवल ओसरल्यावर गावाच्या सवयीत फारसा फरक पडला नाही.

१४/
सिंदीचा धडा कडू होता आणि तो पुढच्या प्रत्येक मोहिमेला लागू पडला. बाहेरचा माणूस सफाई करून गेला, की गावाच्या दृष्टीने सफाई करणाऱ्यांची आणखी एक जात तयार होते. ती आदरणीय जात असेल. पण घर आपला कचरा स्वतः निवडायला लागत नाही. निवडण्याने घराच्या पदरात काही पडत असेल, तरच सवय बदलण्याची आशा होती.

१५/
पदरात काय पडू शकते, याचे उत्तर इंदूरला तयार होते. तेथील वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओलावा राखायचा, ठरावीक काळाने ढीग उलटायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. उघड्या उकिरड्यावर ऊन-पावसाने वाया जाणारा कस या रीतीत टिकत असे. ‘हरिजन’ने १९३५ सालीच ही रीत वाचकांपुढे मांडली.

१६/
खताच्या खड्ड्याची एक अट होती : त्यात काच नको, पत्रा नको, चिंधी नको. म्हणजे निवडणे आले. शेतकऱ्याला वर्गीकरणाचा उपदेश करावा लागला नाही. चांगल्या खताची गरज पटली, की वर्गीकरण आपोआप मागोमाग येई. अडचण होती ती भूमिहीनांची. ज्याच्याकडे शेत नाही, गुरे नाहीत, परसही नाही, त्याने खत करावे ते कोणासाठी? ग्रामसफाईच्या बहुतेक योजनांनी हा प्रश्न विचारलाच नाही.

१७/
‘रचनात्मक कार्यक्रम’ या १९४१ च्या पुस्तिकेत गांधींनी निदान केले : बुद्धी आणि श्रम यांची फारकत झाली, म्हणून खेड्यांचे उकिरडे झाले. आंबेडकरांचा आक्षेप याहून मूलगामी होता. १९४५ च्या ग्रंथात त्यांनी सफाईकामाला पवित्र सेवेचा दर्जा देण्याच्या भाषेवर कठोर टीका केली. कामाचे गुणगान झाले, पण ते काम करणारी जात तीच राहिली, तर बदलले काय? आजही ‘स्वच्छतादूत’ हा शब्द उच्चारताना हा आक्षेप आठवावा असा आहे.

१८/
या वादापासून दूर, विदर्भातला एक परीट समाजाचा माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव फिरत होता. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा. त्यांची पद्धत साधी होती. गावात शिरताच रस्ते झाडायला लागायचे, लोक जमले की त्यांच्याही हाती खराटा द्यायचा, आणि रात्री कीर्तन. कीर्तनात ते उपदेश कमी करत, प्रश्न अधिक विचारत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई. सिंदीत लोक प्रेक्षक राहिले. येथे त्यांना प्रेक्षक राहता येत नसे.

१९/
गाडगेबाबांचे अखेरच्या काळातले गाजलेले कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये, जुहूहून हाकेच्या अंतरावर, वांद्रे येथे झाले. त्याच वर्षी २० डिसेंबरला ते गेले. आदल्या वर्षी, १९५५ मध्ये, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली होती. तिच्यात ग्रामशुद्धीचा विचार विस्ताराने आला आहे. या दोघांनी मिळून स्वच्छता हा सरकारी खात्याचा विषय भजन-कीर्तनाच्या फडात आणला.

२०/
अप्पासाहेब पटवर्धनांनी तुरुंगातला आग्रह कोकणच्या मातीत रुजवला. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन केला. सोनखत देणारा ‘गोपुरी संडास’, गोबरगॅस आणि मृत जनावरांचे चर्म व हाडे उपयोगात आणणे हे तेथले उद्योग. शवच्छेदनाचे काम ते स्वतः शिकले. जी कामे जातीवर लादली होती, ती शास्त्रशुद्ध उद्योग म्हणून कोणीही करावीत, हा त्यांचा हट्ट. आप्तस्वकीयांच्या नापसंतीची किंमत देऊन त्यांनी तो निभावला.

२१/
पुढचे पाऊल पुसदला पडले. गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांचे जाळीदार टाके रचून खत करण्याची रीत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली. भिंतीतल्या भोकांतून हवा खेळते, त्यामुळे ढीग उलटण्याचे कष्ट वाचतात. थोड्या शेणात भरपूर पालापाचोळा कुजतो. शेणाची टंचाई असलेल्या छोट्या शेतकऱ्यासाठी ही मोठी सोय होती.

२२/
पण तोवर उकिरड्याचाच स्वभाव बदलत चालला होता. प्लास्टिकची पिशवी, गुटख्याची पुडी, दुधाची थैली, शाम्पूची पाकिटे गावात आली. उकिरड्याची सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी होती : टाकलेले सगळे कुजते. ते गृहीतक मोडले. शेतात खताबरोबर प्लास्टिक जाऊ लागले, गुरांच्या पोटातून पिशव्या निघू लागल्या. जे निवडणे पूर्वी फायद्याचे होते, ते आता अपरिहार्य झाले. आणि नेमकी त्याच वेळी घरातली निवडण्याची सवय सुटत गेली.

२३/
या काळातच गावाची माणसे शहराचा कचरा निवडायला लागली होती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि अन्य कोरडवाहू भागांतून असंख्य भूमिहीन कुटुंबे मुंबई-पुण्यात आली. त्यांतल्या कित्येक स्त्रिया, बहुतांशी दलित, कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. १९९३ मध्ये पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. तिची एक ठाम मागणी होती : कचरा घरातच वेगळा करून द्या, म्हणजे आम्हाला उष्ट्याखरकट्यात हात घालावा लागणार नाही.

२४/
वर्गीकरणाच्या इतिहासातले हे सर्वांत स्पष्ट विधान मानावे लागेल. घरात निवडायला काही मिनिटे लागतात आणि हात स्वच्छ राहतो. घराने ते टाळले, तर तेच काम कुंडीपाशी, काचांनी हात कापून घेत, कोणीतरी दुसरी बाई करते. काम टळत नाही. फक्त हात बदलतात. महाडच्या परिषदेने विचारलेला प्रश्न सहा दशकांनंतर शहराच्या कुंडीपाशी पुन्हा उभा राहिला, तो असा.

२५/
मुंबईच्या उपनगरांतही याचे उत्तर शोधले गेले. १९९६ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करून आपल्याच गल्लीत खत करायला सुरुवात केली. त्यातून महापालिकेची प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना आकाराला आली आणि ती अन्य वस्त्यांत पसरली. गावाने विसरलेली परसबागेची रीत शहराची एक गल्ली नव्याने शिकत होती.

२६/
२००० साली दोन घटना घडल्या. केंद्राने नागरी घनकचऱ्याचे नियम केले. ते फक्त नगरपालिका-महापालिकांना लागू होते, गावे बाहेर राहिली. त्याच सुमारास महाराष्ट्रात ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अनुदान देण्याऐवजी स्पर्धा लावली : तपासणी, गुण, तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षिसे. काम श्रमदानातून आणि लोकवर्गणीतून.

२७/
अभियानाने गावांत चैतन्य आणले, हे निर्विवाद. पुढे केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्कारालाही त्याची पार्श्वभूमी लाभली. पण भर होता तो हागणदारीमुक्तीवर. कचऱ्याच्या बाबतीत तपासणी पथक येईपर्यंत गाव लखलखीत आणि पथक गेल्यावर पुन्हा जैसे थे, असे अनेक ठिकाणी घडले. स्पर्धेने गाव झाडले गेले. रोजच्या रोज घरात कचरा निवडण्याची सवय लावणे हे बक्षिसाच्या आवाक्याबाहेरचे काम होते.

२८/
सवय कशी लागते, याचे एक उदाहरण गोपुरीच्याच जिल्ह्यात मिळते. गेल्या दशकात वेंगुर्ले नगरपरिषदेने, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, कचरा मुळाशीच अनेक प्रकारांत वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला. ओल्यापासून खत व गॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, बाकीचे विक्रीला. कचरा टाकण्याची जागाच लोक पाहायला येऊ लागले. वेंगुर्ले हे छोटे शहर, खेडे नव्हे. पण निवडलेल्या वस्तूचे पुढे काय होते हे तेथे घराला डोळ्यांनी दिसत होते, आणि हीच त्यातली कळ होती.

२९/
२०२० पासून स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा सुरू झाला. घनकचरा व सांडपाणी हा त्याचा गाभा. गावाला खतखड्डे, कचरा वाहण्याची गाडी, तालुक्याला प्लास्टिक-प्रक्रिया केंद्र, अशी त्याची रचना. म्हणजे १९३५ चा ‘हरिजन’मधला पहिला आणि तिसरा ढीग आता शासकीय योजनेत आहे. पण घरात वेगळ्या ठेवलेल्या दोन बादल्या गाडीत एकत्र ओतल्या जाताना गृहिणीने एकदा पाहिल्या, की ती तिसऱ्या दिवशी एकच बादली ठेवते. सिंदीत जे उपदेशाचे झाले, तेच मग यंत्रणेचे होते.

३०/
आणि जुहू? मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर, कस्तुरबांच्या निधनानंतर, गांधी पुन्हा येथेच विश्रांतीला आले होते. आज ते गाव महानगराच्या पोटात आहे. दर पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांत समुद्र जुहूच्या वाळूवर मुंबईचा कचरा परत आणून टाकतो : पिशव्या, बाटल्या, चपला, थर्माकोल. दुसऱ्या दिवशी सकाळी हातमोजे घातलेले, कधी न घातलेले, सफाई कामगार तो वाळूतून एकेक वेगळा करताना दिसतात. नाले, खाड्या आणि समुद्र असा फेरा करून आलेला तो कचरा कोणत्या ना कोणत्या घरात निवडला गेला नव्हता, म्हणून तो अखेर या हातांत आला.

(समाप्त)